'रेड हेडेड स्ट्रेंजर' ऐकायचा कसा: शफल बंद करा आणि घोडे मोजा

सगळ्यात आधी शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी सेटिंग, बंद करा. मग क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळून टाकणारी ती सेटिंग, तीही बंद. गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांमध्ये फट न ठेवणारी सेटिंग, असेल तर ती मात्र चालू राहू द्या. आता लावा अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा अल्बम 'रेड हेडेड स्ट्रेंजर', साल १९७५, ट्रॅक पंधरा, आणि एवढं असूनही सगळा मिळून अर्ध्या तासाहून थोडासाच जास्त, कारण यातले काही ट्रॅक एका मिनिटाचेसुद्धा नाहीत. हे छोटे तुकडे बघून लोक स्किप करतात आणि तिथेच सगळं हातचं जातं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः अनेक वर्षं हा अल्बम चुकीचा ऐकलाय. म्हणजे ऐकलाच नव्हता, त्यातलं एकच गाणं ऐकलं होतं, 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन', कुठल्यातरी उदास कंट्री गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, पुढेमागे भलतेच गायक, आणि मला वाटायचं की कुणा बिचाऱ्याची बायको गेलीय, पाऊस पडतोय, तो तिला आठवतोय, वर गेल्यावर भेटू म्हणतोय, किती गोड. मग एकदा रात्री झोप येत नव्हती म्हणून अख्खा अल्बम पहिल्यापासून लावला आणि हे गाणं ज्या जागी आलं तिथे मी उठूनच बसलो. का ते पुढे सांगतो, आधी तयारी.

तयारी फार नाही. हेडफोन साधे चालतील पण बाहेरचा आवाज आत येणार नाही असे बघा, कारण या अल्बममध्ये मोकळी जागा प्रचंड आहे आणि त्या मोकळ्या जागेत पंख्याची घरघर घुसली की मजा गेली. स्पीकरवर ऐकणार असाल तर बेस वाढवणारे ते प्रीसेट काढून टाका. आवाज मध्यम ठेवा. पहिल्याच तुकड्यात विली इतका हळू सुरू करतो की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो, जाऊ देऊ नका, कान दोन मिनिटांत सरावतात. आणि मोबाइल पालथा. गाण्याचे शब्द स्क्रीनवर सरकताना बघत बसू नका, निदान पहिल्या खेपेला तरी नाही. इंग्रजी गाण्यांचे शब्द कळत नाहीत अशी ज्यांची तक्रार असते त्यांना मी हाच अल्बम देतो, कारण विली टेक्सासचा असला तरी शब्द स्वच्छ टाकतो, घाई करत नाही, आणि वाद्यं त्याच्या अंगावर येत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी लागेल, नाहीतर हा सगळा साधेपणा कंजूषपणा वाटतो. त्या काळात नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या पंढरीत, अल्बम करायची एक ठरलेली रीत होती, मागे व्हायोलिनचा ताफा, कोरस, सगळं गुळगुळीत, आणि स्टुडिओत वाजवणारे वादक ठरलेले, गायकाचा स्वतःचा बँड बाहेर. विली त्या गावात गीतकार म्हणून चांगला चालला होता, पॅट्सी क्लाइनने गायलेलं 'क्रेझी' त्याचंच, १९६१ सालचं, पण गायक म्हणून त्याला त्या साच्यात कोंबायचे आणि तो काही बसायचा नाही, कारण हा माणूस समेवर वेळेवर येतच नाही. तालाच्या जरा मागे रेंगाळतो, कधी पुढे पळतो, मग निवांत येऊन भेटतो. शेवटी तो १९७२ मध्ये टेक्सासला, ऑस्टिनला निघून गेला. पुढे कोलंबिया रेकॉर्ड्सबरोबर करार झाला त्यात त्याने अट घातली की गाणी कुठली, वादक कोण, कसं वाजवायचं हे सगळं मी ठरवणार. आणि ही मोकळीक मिळाल्यावर गड्याने काय केलं, तर जानेवारी १९७५ मध्ये टेक्सासातल्या गारलंड गावातल्या ऑटम साउंड नावाच्या स्टुडिओत स्वतःचा रस्त्यावरचा बँड घेऊन गेला आणि जवळपास काहीच न भरता अल्बम उरकला. रेकॉर्डिंगला चारेक हजार डॉलर लागले असं सांगतात, म्हणजे तेव्हाच्या मानानेही चिल्लर. कंपनीतल्या लोकांनी टेप ऐकली तेव्हा त्यांना तो कच्चा डेमोच वाटला, पण करारात लिहिलेलं होतं, छापणं भाग होतं.

तर पहिल्या खेपेचं काम एवढंच, कथा पकडा. कारण ही एक सलग गोष्ट आहे. साल १९०१, एक धर्मोपदेशक, म्हणजे चर्चमध्ये प्रवचन देणारा माणूस. त्याची बायको तिच्या जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते. हा आधी विश्वासच ठेवत नाही, मग रडतो, मग घोड्यावर खोगीर टाकतो आणि त्यांच्या मागावर निघतो. पहिले तीन ट्रॅक इथपर्यंत आणतात. त्यात 'टाइम ऑफ द प्रीचर' ही चाल पुन्हा येते, आणि पुढेही येत राहते, आपल्याकडे पोवाड्यात शाहीर फिरून ध्रुवपदावर येतो ना तसं, फक्त शब्दांत जरासा फरक करून, आणि त्या फरकातच कथा एक पाऊल पुढे गेलेली असते. म्हणून म्हटलं, छोटे तुकडे स्किप करू नका.

चौथा ट्रॅक. इथे कान टवकारा, कारण दीड मिनिटात कारभार आटोपतो. तो मोंटानातल्या ब्लू रॉक गावात पोचतो, धुळीने माखलेला, खोली घेतो, पडून राहतो, आपला संशय खोटा निघावा अशी आशा करत. संध्याकाळी एका आडबाजूच्या शांत गुत्त्यात ते दोघं सापडतात. हा दारातून आत येतो तेव्हा ते एकमेकांकडे बघून हसत असतात, आणि तसेच, चेहऱ्यावर हसू असतानाच मरतात. बस. गोळीचा आवाज नाही, वाद्यांचा दणका नाही, विलीचा आवाजसुद्धा चढत नाही, जणू काही बाजारातून काय आणलं ते सांगतोय. मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं की खून झाला, मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागलं.

आणि यानंतर लगेच, बरोबर यानंतर, येतं 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन'.

आता कळलं का उठून का बसलो. रडणारा माणूस तोच आहे ज्याने तिला मारलंय. त्या निळ्या डोळ्यांच्या बाईला वर गेल्यावर भेटेन म्हणतोय, पण ती वर गेली ती याच्याच हाताने. गाणं तेच आहे. हे गाणं विलीचं नाहीच मुळी, फ्रेड रोझचं आहे, रॉय अकफने ते १९४० च्या दशकातच रेकॉर्ड केलं होतं, चांगलं जुनं प्रेमगीत. विलीने फक्त ते खुनानंतर ठेवलं. एवढीच करामत. गाण्याची जागा बदलली की गाणारा माणूस बदलतो हे मला त्या रात्री कळलं, आणि तेव्हापासून प्लेलिस्टवाल्या लोकांशी माझं जरा पटत नाही.

गंमत म्हणजे हेच गाणं सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून बाहेर पडलं, ऑक्टोबर १९७५ मध्ये कंट्री चार्टवर एक नंबरला गेलं, गायक म्हणून विलीचा हा पहिलाच एक नंबर, वय बेचाळीस. त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे रेडिओवर ऐकणाऱ्या कितीतरी लोकांनी ते माझ्यासारखंच, मागचा खून माहीत नसताना ऐकलं असणार. त्यामुळे मी एकटाच बावळट नाही.

आता सहावा ट्रॅक, अल्बमचं नावाचं गाणं, आणि इथे घोडे मोजा. तो बसलाय एका काळ्या, बेफाम घोड्यावर, आणि मागून दोरीने एक रिकामा घोडा चालवत नेतोय. इंग्रजीत त्याला बे म्हणतात, आपल्या जुन्या भाषेत कुमाईत, तपकिरी अंग आणि काळी आयाळ. तो घोडा तिचा. मेलेल्या बायकोचा. कुणी त्याला हात लावलेला त्याला खपत नाही. एका गावात सोनेरी केसांची एक बाई हसत हसत त्या घोड्याला हात घालते आणि हा तिलाही गोळी घालतो, आणि सुटतो, कारण घोडा चोरणाऱ्याला मारलं म्हणून फाशी कशी देणार. हे गाणं चार मिनिटांच्या आसपास आहे, या अल्बमच्या हिशोबाने चांगलंच लांब, आणि विलीचं याच्याशी नातं जुनं आहे, रेडिओवर काम करायचा तेव्हा मुलांच्या कार्यक्रमात लावायचा आणि घरी स्वतःच्या मुलांना झोपवताना म्हणायचा. असलं गाणं अंगाई म्हणून, धन्य आहे. पुढे बायको कॉनीने गाडीतून प्रवास करताना सुचवलं की या गाण्याचाच अख्खा अल्बम कर की, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिली बाजू, म्हणजे तबकडीची पहिली बाजू, संपते ती शब्दांशिवाय, 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' या भजनावर. विलीची मोठी बहीण बॉबी पियानोवर आहे. हे भजन अमेरिकेतल्या चर्चच्या सभांमध्ये शेवटी लावतात, पापी माणसाने पुढे यावं, आहे तसा ये, म्हणून. दोन खून करणाऱ्या धर्मोपदेशकानंतर, नाही, तीन झाले, मोजा, तर तीन खुनांनंतर हे भजन, तेही शब्दांविना. इथे थांबा. तबकडी असती तर उठून उलटावी लागली असती, तेवढा वेळ घ्या, पाणी प्या. हा थांबा मूळ रचनेतलाच आहे आणि मोबाइलवर तो कुणी देत नाही, आपणच घ्यायचा.

दुसरी बाजू सुरू होते 'डेन्व्हर'ने, एक मिनिटही नाही. पण अख्ख्या अल्बममध्ये मला सगळ्यात आवडणारी जागा हीच आहे. चाल ओळखीची वाटेल. ती ब्लू रॉकची चाल आहे, खुनाची. शब्दही जवळपास तेच, संध्याकाळ, गावातला गुत्ता, आडबाजूची शांत जागा, तो दारातून आत येतो, ते एकमेकांकडे बघून हसतात. आणि जिथे आधी ते हसत हसत मेले होते तिथे आता हसत हसत नाचतात. एक क्रियापद बदललंय. दुसरी बाई आहे, दुसरं शहर आहे, इथे कुणी कुठून आलास विचारत नाही. मी हे तिसऱ्या खेपेला पकडलं, तुम्हाला मी आधीच सांगून टाकलं त्याबद्दल माफ करा, पण इतकी छोटी गोष्ट आहे की न सांगता निसटते.

मग नाच होतोच, खरोखरचा, दोन वाद्यसंगीताचे तुकडे. पहिला 'ओअर द वेव्हज', हुवेंतिनो रोसास या मेक्सिकन संगीतकाराचा जुना वॉल्ट्झ, तीन-तीन मात्रांचा, बोटांवर मोजून बघा, एक दोन तीन, एक दोन तीन. दुसरा 'डाउन यॉन्डर', यात बॉबीचा पियानो असा काही खिदळतो की मागचे खून विसरायला होतात. लोक म्हणतात अल्बमची दुसरी बाजू ढिली आहे, कथा हरवते. खरंय थोडं. पहिली बाजू जशी घट्ट विणली आहे तशी दुसरी नाही, 'कॅन आय स्लीप इन युअर आर्म्स' आणि 'रिमेंबर मी' ही गाणी सुटी ऐकली तर कथेतली वाटणारही नाहीत. पण माणूस भटकतोय, कुशीत जागा मागतोय, त्यालाही आता घाई नाहीये, तर अल्बमला कशाला असावी. शेवटचं गाणं 'हँड्स ऑन द व्हील', त्यात तो कुठेतरी स्थिरावल्यासारखा वाटतो, आणि मग 'बँडेरा' ही नुसती धून, आणि संपलं.

संपलं म्हणजे इथेच थांबवा. २००० साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीत मागे चार बोनस ट्रॅक जोडलेत, आणि काही अ‍ॅपवर तीच आवृत्ती सापडते, तर 'बँडेरा' झाली की हाताने बंद करा. बोनस ट्रॅक वाईट नाहीत, बाखच्या नावाने ओळखला जाणारा एक मिन्युएट, म्हणजे जुन्या युरोपियन नाचाची धूनसुद्धा आहे त्यात, पण कथा संपून पडदा पडल्यावर पात्रं पुन्हा रंगमंचावर येऊन गप्पा मारायला लागली तर कसं वाटेल, तसं होतं. दुसऱ्या दिवशी ऐका.

दुसरी खेप गिटारसाठी. विलीची मुख्य गिटार कित्येक दशकं एकच आहे, मार्टिन कंपनीची एन-२०, १९६९ पासून त्याच्याकडे, नाव ट्रिगर. हे नाव रॉय रॉजर्स या सिनेमातल्या काउबॉयच्या घोड्याचं, म्हणजे घोडा इथेही आलाच. कंट्रीत बहुतेक लोक स्टीलच्या तारांची गिटार वाजवतात, तिचा आवाज चमचमतो, ही मात्र नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार, आवाज गोलसर, थोडा लाकडी, थोडा मेक्सिकोकडचा. अशा गिटारला नखी लागू नये म्हणून वर संरक्षक पट्टी नसते, कारण ती बोटांनी वाजवायची असते, आणि हा पठ्ठ्या नखीने वाजवत राहिला, तर लाकूड झिजून भोकाशेजारी दुसरं भोक पडलंय. 'ब्लू आइज'मध्ये मधे जो गिटारचा तुकडा येतो तो नीट ऐका. तो गाण्याची चालच वाजवतो, पण गातो तसाच, म्हणजे सूर जरा उशिरा सोडतो, एखादा अर्धवट ठेवतो. हात आणि गळा एकाच खोडीचे.

याच खेपेत काय नाही तेही ऐका. व्हायोलिनं नाहीत. मागे आऽऽ करणारा कोरस नाही. ड्रम वाजवायला पॉल इंग्लिश आहे, पण बऱ्याच ठिकाणी तो शोधावा लागतो. मिकी राफेलचा हार्मोनिका, आपण ज्याला माउथ ऑर्गन म्हणतो ते, दूरवरून येऊन जातं, दोन सूर लावून गप्प. एका कागदावर प्रत्येक गाण्यापुढे किती वाद्यं ऐकू आली ते लिहून बघा, मी लिहिलं होतं, आणि बरेचदा तीनच्या पुढे गेलोच नाही. फरक बघायचा असेल तर मधेच त्याच काळातलं नॅशव्हिलचं कुठलंही तुपाळ गाणं लावा आणि परत या, कान धुतल्यासारखे वाटतील.

तिसरी खेप शब्दांसह. आता शब्द उघडा, आणि सोबत गाणं कुणी लिहिलंय ते बघा, कारण इथे अजून एक गोष्ट दिसते, या अल्बममधली निम्म्याहून जास्त गाणी विलीने लिहिलेलीच नाहीत. एडी अर्नॉल्डचं जुनं गाणं आहे, हँक कॉक्रनचं आहे, बिल कॅलरीचं आहे, चर्चचं भजन आहे. विलीने लिहिला तो बहुतेक सांधा, ती प्रीचरची चाल, ब्लू रॉक, डेन्व्हर, हे मधले छोटे तुकडे. म्हणजे जे स्किप करू नका म्हणून मघापासून ओरडतोय तेच त्याचे. इकडून तिकडून जुने मणी आणले आणि दोरा तेवढा स्वतःचा घातला.

कुणाला ऐकवायचा असेल तर एक सांगतो, सोबत बसून समजावत ऐकवू नका, मी एका मित्राचा पार विचका केलाय तसा, प्रत्येक गाण्यात पॉज करून, हे बघ आता काय होतं बघ, शेवटी तो म्हणाला तू ऐकव किंवा सांग, दोन्ही नको. फक्त एवढं सांगा की गोष्ट आहे आणि घोडे दोन आहेत.

हा पचला तर पुढे कुठे जायचं. मागे जा, १९७४ चा 'फेजेस अँड स्टेजेस' लावा, त्यात घटस्फोटाची गोष्ट आहे, तबकडीच्या एका बाजूला बायकोची बाजू आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याची. तिथेही शफल बंद, हे सांगायला नकोच. 'रेड हेडेड' तर नुसता आवाज म्हणून आवडला असेल, कथा गेली उडत असं वाटत असेल, तर १९७८ चा 'स्टारडस्ट', जुनी अमेरिकन पॉप गाणी, तीच गिटार, तोच रेंगाळणारा गळा. तिथे मात्र खुशाल कुठलंही गाणं आधी लावा, काही बिघडत नाही.